गच्चीवरचा कर्णा

स्मरणिकेसाठी काहीतरी लिही असा फोन आला तेव्हा सगळ्यात आधी डोळ्यासमोर आला तो शाळेच्या गच्चीवरचा राखाडी कर्णा. 15 ऑगस्टला त्यावर गाणी लागली की ओढ्यापलीकडच्या वस्तीवर ऐकू जायची. आठवीत विज्ञानाच्या सरांनी तो खाली उतरवून टेबलावर ठेवला, मागचं आवाज काढणारं युनिट सोडवून नुसतंच वाजवलं तर बारीक किरकिर आली, मग कर्णा बसवला आणि अख्खा वर्ग दणाणला. सर म्हणाले, आवाज नवीन नाही आला गं, वाया जात होता तो थांबला, लहर अरुंद नळीतनं एकदम मोकळ्या हवेत आली की बरीचशी माघारी फिरते, तिला हळूहळू रुंद वाट करून द्यायची.

आज मी हॉर्न अँटेना, म्हणजे कर्ण्यासारखे रुंदावत जाणारे धातूचे अँटेना, डिझाइन करते, म्हणजे सरांचंच वाक्य, फक्त आवाजाऐवजी मायक्रोवेव्ह, म्हणजे खूप जास्त फ्रिक्वेन्सीच्या रेडिओ लहरी. आठवीतच आमची सहल नारायणगावजवळच्या खोडदला गेली होती, तिथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीची 45 मीटरची डिश बघून मान दुखली होती, पण खरं वेड लागलं ते कर्ण्यानेच. पुढे इंजिनीअरिंगला कळलं की जगदीशचंद्र बोस यांनी 1897 मध्ये लंडनला जी उपकरणं दाखवली त्यातही असं धातूचं नरसाळं होतं, त्या रात्री मला झोप लागली नाही.

अडचण बँडविड्थची असते, म्हणजे एकाच अँटेनाने किती फ्रिक्वेन्सी सांभाळायच्या त्याची. 22.86 मिलिमीटर रुंदीच्या साध्या वेव्हगाइडमधून, म्हणजे लहर वाहून नेणाऱ्या धातूच्या पोकळ नळीतून, साधारण 6.56 गिगाहर्ट्झच्या खालचं काही जातच नाही, आणि 12.4 च्या वर ती सहसा वापरत नाहीत कारण पुढे दुसरे मोड, म्हणजे लहर नळीतून जायच्या वेगळ्या तऱ्हा, जागे होतात. मग नळीत वरून आणि खालून धातूचा एकेक उंचवटा घ्यायचा, त्याला रिज म्हणतात, त्याने खालची मर्यादा आणखी खाली सरकते आणि दुसरा मोड लांब जातो, एकच अँटेना 6.5 ते 18 गिगाहर्ट्झपर्यंत चालवता येतो. फुकट नाही मिळत हे, लॉस वाढतो, पॉवर कमी झेपते, पण मला हा सौदा कायम पटलाय.

मी केलेल्या पहिल्या अँटेनाच्या पीसमध्ये केबलची पिन जिथे एका रिजमधून निघून समोरच्या रिजला टेकते तिथली फट 1 मिलिमीटर हवी होती, वर्कशॉपमधून 1.3 आली. नुसत्या डोळ्यांना काही दिसत नव्हतं, पण 15 गिगाहर्ट्झच्या पुढे रिटर्न लॉसचा, म्हणजे किती लहर माघारी फिरते त्या मापाचा, पार बोऱ्या वाजला, अर्धी लहर माघारी! तीन दिवस फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्या, घेऊन बसले तेव्हा सापडलं, आणि सरांचं टेबल आठवलं.

तो पीस मी टाकला नाही. आतल्या रिज दिसाव्यात म्हणून मधोमध चिरून घेतलाय, समारंभाला येताना आणतेय, प्रयोगशाळेच्या कपाटात कर्ण्याशेजारी जागा ठेवा.