म्हापशाच्या बाजारातली मोरी

मोरी, म्हणजे मुशी, शार्क मासा, मी लहानपणापासून खाते. सावंतवाडीला आमच्या घरी मोरीचं मटण, म्हापशाला ताईकडे मोरीचं आंबट-तीक. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, मुशीच्या जाती फळ्यावर लिहिते. पण बाजारात उभी राहिले की मोरी म्हणजे फक्त मोरी.

नोव्हेंबरात पणजीजवळच्या एका प्रयोगशाळेत शिक्षकांसाठी पाच दिवसांचं प्रशिक्षण होतं: डीएनए बारकोडिंग, म्हणजे डीएनएच्या छोट्या तुकड्यावरून जात ओळखणं, तेही लॅपटॉपला जोडायच्या छोट्या यंत्रावर. येताना बाजारातून नमुने आणा, असं कळवलं होतं. ताई मला घेऊन बाजारात गेली. “बाय, मोरी व्हर गे, ताजी आसा,” म्हणत एका मावशींनी वाटाच पुढे केला. चार लहान मोऱ्या, डोकी आणि पर कापलेल्या, आणि एका मोठीचा जाड तुकडा. प्रत्येकीचं तांदळाच्या दाण्याएवढं मांस मी अल्कोहोलच्या नळीत टाकलं. उरलेल्याचं ताईने सोलं घालून आंबट-तीक केलं. मी दोनदा भात घेतला.

सकाळच्या प्रवासाबद्दल मात्र रागच आहे. म्हापसा ते पणजी अंतर ते किती! पण पर्वरीला रस्त्याचं काम, बसमध्ये उभं राहायला जागा नाही, आणि मांडीवर बर्फाचा डबा. एकाही माणसाने तो डबा नीट धरू दिला नाही.

पहिले तीन दिवस पेशी फोडणं, डीएनए वेगळा करणं, पीसीआरने हव्या त्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढणं आणि त्या निघाल्या का हे जेलमध्ये पाहणं, यात गेले.

चौथ्या दिवशी ते यंत्र हातात आलं. मिनआयन. स्टेपलरएवढं, वजन शंभरेक ग्रॅम. 2016 साली हेच अंतराळ स्थानकात नेऊन तिथे डीएनए वाचला होता. आत एक पडदा, पडद्यात प्रथिनांची अतिसूक्ष्म छिद्रं, छिद्रांतून वाहणारा विजेचा प्रवाह. डीएनएचा धागा छिद्रातून सरकू लागला की प्रवाह बदलतो, आणि त्या बदलावरून संगणक डीएनएची अक्षरं (ए, टी, जी, सी) ओळखतो, सेकंदाला सुमारे चारशे. आमचा तुकडा होता साधारण 650 अक्षरांचा, पेशीतल्या मायटोकाँड्रियामधल्या सीओआय जनुकाचा. प्राण्यांच्या जाती ओळखायला हाच तुकडा सगळीकडे वापरावा, असं कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या पॉल हेबर्ट यांनी 2003 मध्ये मांडलं. म्हणजे एक मोरी छिद्रातून जायला दोन सेकंदही पुरे.

पण त्याआधी पिपेटने द्रव आत सोडायचा, आणि हवेचा एक बुडबुडा गेला तर छिद्रं कायमची निकामी. हे यंत्र कुठेही नेता येतं असं सांगतात ते मला अर्धंच पटलं. फ्लो सेल, म्हणजे तो छिद्रांचा पडदा असलेला भाग, 2 ते 8 अंशांत जपावा लागतो, लॅपटॉप ताकदीचा लागतो, वीज लागते. आमच्या कॉलेजात यातलं काय आहे? मी श्वास रोखून एकेक थेंब सोडला. बुडबुडा गेला नाही. लॅपटॉपवर, छिद्रं डीएनए वाचू लागल्याचे हिरवे ठिपके पेटत गेले, आणि माझे डोळे भरून आले. वीस वर्षं मी डीएनए खडूने काढत आले होते.

एका वाचनात चुका असतात, म्हणून एकाच तुकड्याची शेकडो वाचनं जुळवून अक्षरं पक्की करतात. दुसऱ्या दिवशी दुपारी ती बोल्ड नावाच्या जागतिक संग्रहाशी ताडली. चार लहान मोऱ्या स्कोलिओडॉन लॅटिकॉडस, आपल्या किनाऱ्यावरची नेहमीची. पाचव्या नळीपुढे नाव आलं स्फिर्ना लेविनी. हातोड्यासारख्या डोक्याची मुशी. जगभरात अत्यंत धोक्यात असलेल्या जातींच्या यादीतली. वयात यायला हिला दहाहून अधिक वर्षं लागतात. बाकीच्या मोऱ्यांपुढे मोठी दिसली, तरी तुकड्याच्या जाडीवरून ती जेमतेम पिल्लूच असावी.

नळ्यांची अदलाबदल झाली असेल, म्हणून मी सगळं पुन्हा तपासायला लावलं. भेसळ कळावी म्हणून सोबत चालवलेली नुसत्या पाण्याची नळी कोरी होती. गटात दुसऱ्या कुणाकडे ही जात नव्हती. चूक नव्हती. मी ती खाल्ली होती, दोनदा भात घेऊन.

रात्री ताईला सांगितलं. ती बराच वेळ ओट्याशी उभी राहिली. “अगो, डोकं नसताना आपल्याला कळणार कसं?” एवढंच म्हणाली.

निघायच्या दिवशी सकाळी मी मावशींना शोधत गेले. मोबाइलवर हातोडी मुशीचं चित्र दाखवलं. वाटलं होतं, त्या नाही म्हणतील. चित्र बघताच त्या म्हणाल्या, “रुंद तकलेची? येतात मगे! पिलां येतात, रांपणींत. तकली थंयच उडयतात.”

तकली म्हणजे डोकं; ते तिथेच टाकून देतात. म्हणजे नाव ठाऊक असलेली माणसं किनाऱ्यावरच होती. रांपण हे मोठं जाळं काठाजवळ ओढतात आणि या जातीची पिल्लं उथळ पाण्यातच वाढतात, हे मी पुस्तकात वाचलेलं. मावशींनी ते जाळ्यात पाहिलेलं. मी त्यांना आमचे पाच निकाल दाखवले, अक्षरांच्या रांगा दाखवल्या. त्यांनी चष्मा लावून निगुतीने पाहिलं. मग टोपलीवर पाणी शिंपडत म्हणाल्या, “फुडले खेपेक तकली दवरतां तुका.”

अल्कोहोलची मोठी बाटली मी ताईच्या घरी ठेवून आले आहे.