कूलर लावू काय?

रात्रीचे साडेअकरा. आतल्या खोलीतली कुजबुज आत्ता कुठे थांबली.

घरी मारहाण झालेल्या बायकांच्या आमच्या या निवाऱ्यात तिला येऊन आज नऊ दिवस झाले. नाव लिहीत नाही. इथल्या कुणाचंच या वहीत लिहीत नाही. ऑटोवाल्यालासुद्धा आम्ही चौकापर्यंतचाच पत्ता सांगतो. मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात कपाळाला टाके घालून ती थेट इकडे आली, कडेवर पोरगी. पिशवीत पोरीचे दोन फ्रॉक आणि पोरीचंच आधार कार्ड. स्वतःचं काही नाही.

मे महिना, भिंती रात्रीही तापलेल्या. कूलर तिच्या खाटेपासून दोन हातांवर, तरी ती उठून माझ्या दारात येते. "ताई, कूलर लावू काय?" तिसरी पोळी घेऊ काय, डोकं धुऊ काय. सुरुवातीला मी "हो, लाव ना" म्हणायची. मग एकदम चरकले. परवानगी तिला अजूनही मागावीच लागत होती, फक्त आता द्यायला मी होते. तेव्हापासून "बटण तिथंच आहे" एवढंच म्हणते. तरी ती उभीच राहते.

आज संरक्षण अधिकारी मॅडमकडे, म्हणजे अशा बायकांना मदत करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांकडे, मारहाणीचा अहवाल भरताना ती म्हणाली, "घर त्यायच्या नावावर आहे, मले कोण राहू देईन?" २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्याचं कलम १७ तिला सोप्या मराठीत सांगितलं. घर कुणाच्याही नावावर असो, जिथे ती नांदली तिथून तिला कोर्टाची रीत सोडून बाहेर काढता येत नाही. "पुन्हा सांगा," म्हणाली. पुन्हा सांगितलं. आठ वर्षं त्या घराची फरशी पुसली, आणि हे तिला कुणी सांगितलं नाही! पोलीस ठाण्यात गेली तेव्हा "समजुतीनं घ्या" म्हणून दोनदा परत पाठवलं. माझा अजून संताप होतो.

कोर्टात अर्ज केल्यावर साधारण ३ दिवसांत पहिली तारीख, त्या तारखेपासून ६० दिवसांत निकालाचा प्रयत्न, असं कायद्यात आहे. आमच्याकडची एक बाई पाच महिने तारखा करत होती. खाटा सहाच आहेत, बायका आठ. दोघी गच्चीवर झोपतात.

आत्ता कूलरमध्ये पाणी टाकायला उठले. टाकी काठोकाठ भरलेली, बादली भिंतीशी पालथी, अजून ओली. कूलर चालू होता.