बिश्केक: शहर सपाट, आक-सायचा घसारा नाही

किर्गिझस्तानची राजधानी बिश्केक. तिथे कोणी ‘रात्सेक हट (डोंगरातली गिर्यारोहकांची मुक्कामाची झोपडी)? सकाळी जा, जेवायला परत’ असं सांगितलं, तर त्याने ती वाट पाहिलेली नाही असं खुशाल समजा. आम्हाला हे मुक्कामाच्या मालकाने सांगितलं. दोन रात्री जिना उतरताना त्याची आठवण काढली.

हट आला-आर्चा राष्ट्रीय उद्यानात आहे, शहरापासून दक्षिणेला साधारण ४० किलोमीटर. वाट सुरू होते तीच २१०० मीटरच्या वर, म्हणजे आपलं कळसूबाई (१६४६ मीटर) कधीच खाली राहिलं. हट ३३०० मीटरच्या पुढे. बिश्केक मात्र जेमतेम ८०० मीटरवर, त्यामुळे विरळ हवेची सवय शून्य. डोकं ठणकायला लागलं तर मुकाट उतरा.

आक-साय धबधब्यापर्यंत वाट उत्तम. त्यापुढचा टप्पा म्हणजे निव्वळ घसारा. हिमनदीने आणून टाकलेले सुटे दगड, खाली भुसभुशीत माती, आणि वाट अशी उभी की दोन पावलं चढलं की एक खाली. सह्याद्रीत कारवी तरी हाताला लागते. इथे धरायला काहीच नाही. चढताना निभावतं, उतरताना रडवतं. काठ्या नसतील तर धबधबा बघा आणि मागे फिरा, काही बिघडत नाही. हटपर्यंत जायचंच असेल तर वर मुक्काम करा. एका दिवसात जाऊन-येऊन करणं शक्य आहे, आम्ही केलं, पण कोणाला सुचवणार नाही. (वरून दिसणारी हिमनदी? हो, जबरदस्त.)

आता लुटालूट. शहरात यांडेक्स ॲपवर टॅक्सी स्वस्त मिळते, उद्यानापर्यंत सोडायलाही येते. परत यायला मात्र गाडी मिळेना. उद्यानाच्या फाटकापासून वाटेच्या तोंडापर्यंत १२ किलोमीटर रस्ता आहे. दमलेला माणूस तो चालणार नाही हे तिथल्या टॅक्सीवाल्यांना पक्कं ठाऊक. जातानाच्या तिप्पट पैसे मोजले. तेव्हा जाणाऱ्याच गाडीवाल्याशी येण्याचं ठरवा, थांबण्याच्या वेळेसकट, आणि सगळे पैसे शहरात उतरल्यावरच द्या. विमानतळावर अंगावर येणाऱ्यांशी तर बोलूच नका.

शहराला एक दिवस पुरे. आला-टू चौकात किर्गिझ महाकाव्याचा नायक मानस, घोड्यावर बसलेला पुतळा. त्याच जागी पूर्वी लेनिनचा पुतळा होता, २००३ मध्ये त्याला संग्रहालयाच्या मागे हलवलं. तोही बघून या, लोक तिथवर जातच नाहीत. १९९१ पर्यंत शहराचं नाव फ्रुंझे होतं, विमानतळाचा कोडही त्यावरूनच पुढे बरीच वर्षं एफआरयू होता. झाडी भरपूर, रस्त्याकडेने पाण्याचे पाट. काही ठिकाणी त्यांच्यावर झाकण नसतं, रात्री जपून चाला. हिवाळ्यात कोळशाच्या धुराने शहर गुदमरतं. स्कीइंग करायचं नसेल तर तेव्हा येऊ नका.

ओश बाजारात सुकामेवा आणि गरम नान घ्या, ट्रेकला तेच कामी येतं. लगमान (नूडल्स), मान्ती (मोमोसारखे), सामसा (भाजलेला सामोसा), सगळ्यात मांस; ‘मांस नको’ म्हटलं तर तुकडे वेचून काढून तीच थाळी पुढे येते. शाकाहारी असाल तर भारतीय खाणावळी शोधा. हजारो भारतीय मुलं तिथे डॉक्टरकी शिकतात, त्यामुळे वरण-भातावाचून अडत नाही. डॉलरच्या नोटा कोऱ्या न्या, घडी पडलेली नोट बदलून देणारे कटकट करतात.