व्हायल, सरकते पडदे आणि हलणारा सा: माझा अनुभव

आधी वाद्याबद्दल सांगते, कारण व्हायल म्हटलं की ओळखीतले सगळे व्हायोलिनच धरून चालतात. व्हायल म्हणजे व्हिओला दा गाम्बा. सहा तारा, त्याही आतड्याच्या, आणि मानेवर सात पडदे, तेही आतड्याचेच, गाठ मारून बांधलेले. लहान असो की मोठी, खांद्यावर घ्यायची नाही, मांडीवर नाहीतर दोन पायांत धरायची. गज खालून धरायचा, तळहात वर, आणि मधल्या बोटाने गजाच्या केसांवर ताण द्यायचा. व्हायोलिनला जोर येतो गज ओढताना, इथे बरोब्बर उलट, आत ढकलताना.

मी पुण्यात लहानपणापासून ख्याल शिकले, वाद्य कधी हातात घेतलं नव्हतं. नवऱ्याच्या नोकरीमुळे इंग्लंडमध्ये यॉर्कला आलो आणि इथे १९७७ पासून अर्ली म्युझिक (म्हणजे युरोपातलं जुनं संगीत) फेस्टिवल होतो, त्यात एका जुन्या चर्चमध्ये पाच व्हायल एकत्र ऐकल्या आणि मला राहवेना. चौकशी केली तर कळलं की हौशी लोकांचे ग्रुप आहेत, वाद्य भाड्याने मिळतं, नवीन माणसाला घेतातसुद्धा. माझ्या वाट्याला टेनर आली, म्हणजे मधल्या पट्टीची. नोटेशन मला येतच नव्हतं, त्यामुळे सी क्लेफ (कुठल्या रेघेवर कुठला स्वर ते सांगणारी खूण, इथे मधली रेघ म्हणजे मधला सी) शिकायला मला काही वेगळा त्रास झाला नाही. ज्यांना आधीपासून पियानोचं नोटेशन पाठ असतं ते यात जास्त अडकतात असं मी बघितलंय.

खरा वेळ गेला तो वाद्य लावण्यात. शेजारशेजारच्या तारांत सा-म चं अंतर, फक्त मधल्या दोन तारांत सा-ग चं. इथपर्यंत सोपं. पण इंग्लंडची हवा दमट, तारा आतड्याच्या, खोलीत हीटर लावला की सगळं सरकतं, म्हणून प्रॅक्टिसची पहिली पंधरा-वीस मिनिटं लावण्यातच जातात आणि त्याबद्दल कुणी कुरकुर करत नाही. मग येतात पडदे. आपल्याकडे गाणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं की पेटीचा गंधार चढा असतो आणि तानपुरा नीट जुळला की खर्जातून जो गंधार आपोआप ऐकू येतो तो वेगळाच, सुमारे १४ सेंट खाली (पेटीच्या एका अर्धस्वराचे शंभर सेंट). तर सोळाव्या शतकातल्या युरोपातल्या लोकांनाही तोच गंधार हवा होता!! त्यासाठी ते पंचम किंचित उतरवायचे, इतका की सहसा कळत नाही, आणि त्या बदल्यात ग शुद्ध मिळवायचे. याला मीनटोन म्हणतात. सतारीसारखे पडदे सरकवता येतात म्हणून हे व्हायलवर जमतं. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा इतका आनंद झाला की घरी येऊन रात्री उशिरापर्यंत एकच ग वाजवत बसले.

पण यात एक पेच आहे. मीनटोनमध्ये सगळे अर्धस्वर सारखे नसतात, एक लहान, एक मोठा. टेनरच्या पहिल्या पडद्यावर जी, सी, एफ या तारांवर शार्प (चढे स्वर) येतात, त्यांना पडदा वरच्या, म्हणजे खुंट्यांच्या टोकाकडे सरकलेला हवा. त्याच पडद्यावर ए आणि डी च्या तारांवर बी फ्लॅट आणि ई फ्लॅट (उतरे स्वर) येतात, त्यांना तो खाली हवा. पडदा एक आणि मागण्या दोन. काहीजण तिथे एक जादा छोटा पडदा बांधतात, काहीजण मधोमध ठेवून बोटाच्या दाबावर भागवतात. ग्रुपमधल्या एक ज्येष्ठ बाई म्हणाल्या, "पीस कुठला आहे ते बघ, मग पडदा हलव." आता मी तेच करते, फ्लॅट जास्त असले तर पडदा खाली.

पहिल्यांदा मला वाजवायला मिळालं ते इन नॉमिने. याची गोष्ट मला फार आवडते. जॉन टॅव्हर्नर या सोळाव्या शतकातल्या इंग्लिश संगीतकाराच्या एका मासमधला (चर्चच्या प्रार्थनेच्या संगीतातला) ‘इन नॉमिने डोमिनी’ या शब्दांवरचा तुकडा लोकांना इतका आवडला की तो सुटा काढून वाजवायला लागले, आणि मग पुढची जवळजवळ दीडशे वर्षं इंग्लंडचे संगीतकार, अगदी १६८० च्या सुमाराला पर्सेलपर्यंत, त्या तुकड्यात असलेल्या चर्चच्या जुन्या चालीवर नवीन रचना करत राहिले. एक आवाज (म्हणजे एका वादकाची ओळ) ती चाल लांबच लांब स्वरांत वाजवतो, बाकीचे तिच्या वरून खालून धावतात. लांब स्वरांचा तो आवाज नवीन माणसाला देतात, कारण बोटं कमी चालवावी लागतात.

कागदावर सोपं दिसतं, पण मला सगळ्यात जड गेलं ते हेच. माझा कान तानपुऱ्यावर वाढलेला, सा एकदा लागला की तो जागचा हलत नाही आणि बाकी सगळं त्याच्या नात्याने. इथे मी एफ धरून बसलेय, खाली बास (सगळ्यात खालच्या पट्टीची व्हायल) डी वर आहे तेव्हा माझा स्वर कोमल गंधार, बास एफ वर आला की मीच सा, बी फ्लॅटवर गेला की मी पंचम, आणि हे सगळं एकाच गजात, मी बोट न हलवता. सुरुवातीला मी माझा एक सा मनात घट्ट धरून वाजवायचे, त्याने स्वर चुकत नव्हता पण जुळतही नव्हता. मग हळूहळू बासकडे कान द्यायला लागले, खालचा स्वर बदलला की गज जरा हलका करायचा, मी आता कोण आहे ते ऐकायचं आणि मग पुन्हा दाब द्यायचा. ज्या दिवशी बास डी वर आणि माझा एफ शार्प त्याच्यावर शुद्ध गंधार होऊन बसला, त्या दिवशी ठोके (न जुळलेल्या स्वरांतून येणारी थरथर) येणं एकदम थांबलं आणि सगळ्या वाद्यांची लाकडं घुमली. तानपुऱ्यातला गंधार आपोआप येतो, हा पाच जणांनी मिळून आणलेला असतो. मला दोन्ही हवेत, यात मला निवड करायची नाही.

नंतर आम्ही छापील स्कोअर (सगळ्यांच्या ओळी एकाखाली एक असलेलं नोटेशन) सोडून जुन्या हस्तलिखिताच्या प्रतीवरून वाजवायला घेतलं. ब्रिटिश लायब्ररीत १५७८ च्या सुमाराचं एक पुस्तक आहे, इन नॉमिने आणि इतर रचनांनी भरलेलं. त्यात एकाच उघड्या पानावर वेगवेगळे आवाज वेगवेगळ्या दिशांना तोंड करून लिहिलेत, म्हणजे पुस्तक टेबलावर ठेवायचं आणि सगळ्यांनी भोवती बसायचं. बार लाइन (मात्रांचे गट दाखवणाऱ्या उभ्या रेघा) नाहीत, दुसऱ्याचं काय चाललंय ते आपल्या ओळीत दिसत नाही, सम दाखवणारं कुणी नाही. हरवलात तर ऐकूनच परत यायचं. मला वाटतं, स्कोअरवरून कितीही वाजवलं तरी हे येत नाही, प्रत्येक हौशी ग्रुपने वर्षातून निदान काही वेळा असं बसावं.

गावातल्या चर्चमध्ये दुपारचा कार्यक्रम झाला, श्रोते मोजके होते, हॉल गार होता म्हणून मधेच थांबून पुन्हा लावावं लागलं, बाकी छान झाला. आम्ही लोकांकडे तोंड करून न बसता गोलातच बसलो, आणि तेच बरोबर होतं असं माझं ठाम मत आहे, कारण हे संगीत मुळात वाजवणाऱ्यांनी एकमेकांसाठी घरात वाजवलेलं आहे.

सध्या सोळाव्या शतकातल्या क्रिस्टोफर टायचं ‘ट्रस्ट’ नावाचं इन नॉमिने बसवतोय. ते पाच-पाच मात्रांत जातं, ग्रुपमधले बाकीचे मोजताना अडखळतात आणि मी मनात झपतालाचं धी ना धी धी ना म्हणत आरामात जाते. यावेळी लांब स्वर दुसऱ्या कुणाला द्या, मला धावणारा आवाज हवाय, असं मी सांगून ठेवलंय.