बॅटरी फुटून डोळ्यात अ‍ॅसिड गेलं तर केसपेपरच्या रांगेत थांबू नका

नाशिकमध्ये इन्व्हर्टर-बॅटरीची कामं करतो, त्यामुळे कुठे बॅटरी फुटली की फोन आम्हालाच येतो. या वेळी गिऱ्हाइकासोबत दवाखान्यातही जावं लागलं. घरचा नळ, रिक्षा, पुढे डोळ्यांचे डॉक्टर, सगळं नीट पार पडलं. घोडं अडलं ते कॅज्युअल्टीबाहेरच्या केसपेपरच्या खिडकीवर.

"काय झालं?"
"बॅटरीचं अ‍ॅसिड उडालं डोळ्यात."

खिडकीतल्या साहेबांनी त्यातलं 'अ‍ॅसिड' तेवढं ऐकलं. मग ही एमएलसी (पोलिसांना कळवायची मेडिको-लीगल केस) होणार, चौकीतून हवालदार येईपर्यंत कोणी हात लावणार नाही, आधार कार्ड आणा, तोवर बाकावर बसा. वर शेरा: "डोळा एवढा लालपण नाहीये की."

हा शेरा जास्त घातक. बुबुळाच्या कडेच्या बारीक रक्तवाहिन्या जळाल्या तर तिथे लाली येतच नाही, पांढरट दिसतं, आणि ती इजा लाल डोळ्यापेक्षा गंभीर असते. इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी फुल चार्ज असताना आतल्या पाण्याची ग्रॅव्हिटी (साध्या पाण्याच्या किती पट जड ते) 1.24 च्या आसपास असते, म्हणजे वजनाने जवळपास एक तृतीयांश सल्फ्युरिक अ‍ॅसिड. ते पापण्यांच्या आतल्या खाचेत साचून राहतं. घरी कितीही धुतलं तरी वरची पापणी उलटवून ती खाच साफ करणं घरच्यांना जमत नाही. त्यासाठीच तर कॅज्युअल्टी गाठायची, आणि तिथे बाकावर बसवतात!

परमानंद कटारा खटल्यात सुप्रीम कोर्टाने 1989 सालीच सांगून ठेवलंय की आधी उपचार, पोलिसी सोपस्कार नंतर. दवाखाना सरकारी असो की खाजगी. आणि समजा खरोखर अ‍ॅसिडहल्ला असता, तरी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 397 प्रमाणे प्रथमोपचार ताबडतोब आणि मोफत द्यावे लागतात. म्हणजे ज्या संशयावरून अडवलं, त्या संशयावरून तर जास्त घाई करायला हवी होती. एमएलसीला माझा विरोध नाही, विमा कंपनी पुढे तो कागद मागू शकते. पण डोळ्यावर सलाईनची धार चालू असताना तो लिहिता येतो.

तेव्हा खिडकीशी हुज्जत घालू नका. एकाला रांगेत उभं करा, दुसऱ्याने पेशंटला सरळ आत न्यावं आणि ड्युटीवरच्या सिस्टरला एका दमात सांगावं: "सिस्टर, घरची इन्व्हर्टर बॅटरी फुटलीय. डोळ्यात सल्फ्युरिक अ‍ॅसिड गेलंय, प्लास्टिकचे तुकडेही असतील. आधी धुवायला घ्या." आमचं काम यावरच झालं. फुटली हे सांगायचंच, नाहीतर कागदावर नुसतं 'अ‍ॅसिड' येतं आणि तुकड्यांकडे कोणी बघत नाही. बॅटरीच्या डब्याचं प्लास्टिक साध्या एक्सरेत दिसत नाही.

आत धुतात ते असं: आधी डोळा सुन्न करणारा थेंब, मग सलाईन किंवा रिंगर लॅक्टेट (सलाईनसारखंच बाटलीतलं द्रावण), आयव्ही सेटच्या नळीने एक-दोन लिटर, निदान अर्धा तास. पाच-दहा मिनिटं थांबून खालच्या पापणीत पीएचची, म्हणजे अ‍ॅसिड उरलंय का ते दाखवणारी, पट्टी लावतात. सातच्या आसपास आला नाही तर पुन्हा धुणं. पट्टी संपली असं सांगितलं तर लघवी तपासायच्या डिपस्टिकवरचा पीएचचा चौकोन चालतो, हे लक्षात ठेवा.

घरी काय करायचं ते आधी सांगायला हवं होतं. नळाच्या साध्या पाण्याची हलकी धार, पंधरा-वीस मिनिटं. लागलेला डोळा खालच्या बाजूला, पाणी नाकाकडून कानाकडे, म्हणजे दुसऱ्या डोळ्यात जात नाही. रिक्षातही बाटलीने धार चालू ठेवायची. दूध, तूप, गुलाबपाणी काही नको. खायचा सोडा फरशीवर सांडलेल्या अ‍ॅसिडवर टाका, डोळ्यात मुळीच नाही. डोळ्यात काही रुतलेलं दिसलं किंवा बुबुळ फाटल्यासारखं वाटलं तर चोळायचं नाही, दाबून पट्टी बांधायची नाही, रुतलेलं उपसायचं नाही. डोळा न दाबता पाणी वरून सोडायचं आणि जाताना कागदी कपाचा तळ डोळ्याला न टेकता वर धरायचा.

बॅटरी फुटते कशामुळे? चार्जिंगच्या शेवटी पाण्यातून हायड्रोजन निघतो. हवेत तो 4 टक्के झाला की ठिणगीने पेट घेतो. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात पाणी झपाट्याने उतरतं, प्लेटा उघड्या पडतात, वरच्या रिकाम्या जागेत गॅस भरतो, त्यात वेंट प्लग (गॅस बाहेर सोडणारी झाकणं) धुळीने बुजलेले. बॅटरी जिन्याखाली बंद कपाटात असेल तर गॅस बाहेरही कोंडतो. लाइट जाते, पंखे-टीव्हीचा लोड एकदम येतो आणि ढिल्या टर्मिनलवर, नाहीतर आतच झिजलेल्या जोडावर ठिणगी पडते. काही जण पाणी किती आहे ते बघायला काडी पेटवतात, त्यांना काय म्हणायचं!

म्हणून पाणी भरताना आधी इन्व्हर्टर बंद, त्याचा भिंतीतला प्लग बाहेर, दारं-खिडक्या उघडून थोडा वेळ थांबायचं. टर्मिनल काढताना निगेटिव्ह आधी, लावताना शेवटी. पान्याच्या दांड्याला टेप गुंडाळलेली हवी. चष्मा पुरत नाही, अ‍ॅसिड वरून आत ओघळतं. चारी बाजूंनी बंद असणारा सेफ्टी गॉगल घ्या.

फुटलेली बॅटरी भंगारवाल्याला लगेच देऊ नका. फोटो, सीरियल नंबर, बिल आणि एमएलसी नंबर एकत्र ठेवा. वॉरंटीचा वाद होऊन ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार करायची वेळ आली तर हे कामी येतं. आणि डोळा बरा दिसू लागला म्हणून पुढची तारीख चुकवू नका. स्फोटाचा मार बसलेल्या डोळ्याचा दाब काही वर्षांनीही वाढतो, बहुतेकदा दुखतही नाही. दाब मोजायला आणि बाहुली मोठी करून मागचा पडदा बघायला सांगा.