भिलवडी ते हरिपूर: कृष्णेच्या दोन्ही काठांनी

कृष्णाकाठ बघायचा तर जानेवारीत बघावा आणि स्वतःची गाडी घरी ठेवून जावं, असं माझं ठाम मत आहे. पावसाळ्यात आम्ही सांगलीकर नदीकडे बघतो ते पाणी किती फुटांवर गेलं हे जाणून घ्यायला. उन्हाळ्यात बघतो ते पाणी उरलंय किती म्हणून. संक्रांत झाली की मात्र नदीला कुणाचं काही देणं नसतं. पाणी संथ असतं, सकाळी धुकं असतं, शेतात ऊसतोड चालू असते आणि थंडी अंगात भरण्याआधीच ऊन येतं.

आत्या पुण्याहून आली होती. तिला औदुंबरला, दत्ताच्या ठिकाणी, जायचं होतं. मी म्हटलं, गाडी काढते, तासाभरात पोचू. तर म्हणाली, "देवळाच्या दारात गाडीतनं उतरायचं असेल तर मी घरीच बसते. भिलवडीकडनं जाऊ, नावेतनं. माझे वडील तसेच न्यायचे आम्हाला." मग काय, सकाळच्या पॅसेंजरची तिकिटं काढली.

पॅसेंजरमध्ये माणसं बोलतात, हे तिचं मोठं सुख आहे. समोरच्या बाकावर एक मावशी मांडीवर हरभऱ्याचा डहाळा घेऊन बसल्या होत्या. घाटे सोलायचे आणि तोंडात टाकायचे, मधेच एक फांदी मोडून शेजारणीच्या हातात द्यायची. "घे गं पोरी, आमच्या रानातलाच हाय," म्हणत त्यांनी आमच्यापुढंही दोन जुड्या ठेवल्या. ओला हरभरा सोलताना बोटांना आंब लागते. घाट्याच्या लवेवर ती दवासारखी असते, आंबट-खारट. आत्यानं दाणे खाऊन झाल्यावर बोटं चाटली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. बाहेर शाळू कणसात आला होता. हळदीची पानं पिवळी पडून जमिनीवर लोळायला लागली होती, म्हणजे काढणी जवळ आली. उसाला पांढरे तुरे होते. शेतकऱ्याला तुरा आवडत नाही, कारण उसाची वाढ थांबते आणि वजन घटतं. पण सकाळच्या तिरप्या उन्हात तुऱ्यांचा तो फड दिसला की डोळे तिकडे जातातच.

नांद्रे मागे पडलं की गाडी येरळेवरून जाते. ही येरळा पुढे ब्रह्मनाळला कृष्णेला मिळते. 2019च्या महापुरात त्याच ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढताना नाव उलटली आणि माणसं गेली. पूल ओलांडताना डब्यातल्या एका आजोबांनी नदीकडे बघून हात जोडले. नदीकाठच्या माणसाचं नदीशी नातं असं आहे. तिच्यावर प्रेमही करायचं आणि तिला ओळखूनही असायचं.

भिलवडी स्टेशनवरून गावात जायला वडाप, म्हणजे माणसं भरून नेणारी जीप, मिळालं, गावातून पुढे भुवनेश्वरीपर्यंत आम्ही चालत गेलो. हा रस्ता मला फार आवडतो. दोन्ही बाजूंना ऊस, मधेच तोडलेल्या फडातल्या कोप्या, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या झोपड्या, त्यांच्यासमोर चुलीचा धूर, आणि मोळ्यांनी इतक्या भरलेल्या बैलगाड्या की मागून फक्त चालता डोंगर दिसावा. भुवनेश्वरीचं देऊळ जुनं, गर्दीपासून लांब. आम्ही गेलो तेव्हा गुरव अंगण झाडत होते आणि कडूलिंबावर पोपटांचा कलकलाट चालला होता, एवढंच.

देवळाच्या पायरीवर बसून आत्यानं गुरुचरित्रातली कथा सांगितली. करवीरच्या एका विद्वानाचा मुलगा मतिमंद, आईवडील गेलेले, लोक हिणवायचे. तो घर सोडून निघाला, भिलवडीला या देवीपुढे येऊन उपाशी बसला. तीन दिवस झाले, देवी काही बोलेना, तेव्हा त्यानं स्वतःची जीभ कापून तिच्या पायावर ठेवली. देवी म्हणाली, माझ्याकडे हट्ट करू नकोस, पलीकडच्या काठावर औदुंबराखाली एक अवतारी पुरुष आहे, त्याच्याकडे जा. मुलगा नदी ओलांडून नृसिंह सरस्वतींपाशी गेला आणि त्याला वाणीही मिळाली, विद्याही. कथा लहानपणापासून ऐकलेली. पण ज्या काठावर ती घडली तिथं बसून, समोर तो पलीकडचा घाट दिसत असताना ऐकली, तेव्हा मला पहिल्यांदा त्या पोराचं वय जाणवलं. उपाशी, एकटा, आणि मध्ये एवढं पाणी.

खाली नाव उभीच होती. नावाडीमामांना आत्यानं पर्समधल्या डबीतून तिळगूळ दिला. रथसप्तमीपर्यंत द्यायचा असतो म्हणून ती डबी सोबतच ठेवते. मामांनी तो कपाळाला लावून तोंडात टाकला आणि म्हणाले, "बसा निवांत. घाई न्हाय ना? मग जरा वरच्या अंगानं नेतो, मगर दावतो."

सांगली जिल्ह्याच्या या पट्ट्यात कृष्णेत मगरी आहेत, हे बाहेरच्यांना सांगितलं तर पटत नाही. हिवाळ्यात त्या ऊन खायला काठावर येतात. अंगातली उष्णता त्यांना स्वतःला तयार करता येत नाही, उन्हातूनच घ्यावी लागते. त्यामुळे जानेवारीतली सकाळ म्हणजे मगर दिसायची हमखास वेळ. मामांनी वल्हं थांबवलं. गाळाच्या उतारावर मला आधी एक ओंडका दिसला. मग त्या ओंडक्याला पाठीवरचे खवले दिसले, मग अर्धवट उघडा जबडा. सात-आठ फुटांची असेल. जबडा उघडा ठेवून ती नुसती पडली होती, आणि तिच्यापासून हातभर अंतरावर एक धोबी पक्षी शेपटी वरखाली करत किडे टिपत होता. आम्ही तिघंही बोललो नाही. नाव वाहत थोडी जवळ गेली तशी मगर काही घाई न करता पाण्यात सरकली. आवाज नाही, तरंगही फारसे नाहीत.

"त्यांची जागा हाय ती. आपण तिथं उतरायचं न्हाय, एवढंच," मामा म्हणाले. मगरीच्या हल्ल्यात इथं माणसं गेली आहेत, तरी काठावरचे लोक असं बोलतात, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

पुढे वाळूच्या पट्ट्यावर चक्रवाकांची जोडी होती. विटकरी अंग, फिकट डोकं. हिमालयापलीकडून ही पाखरं थंडीत आपल्याकडे येतात आणि जोडीनंच राहतात. आत्याला ती इतकी आवडली की तिनं मामांना अजून एक फेरी मारायला लावली. दुसऱ्या फेरीचे पैसे घ्यायला मामा तयार नव्हते. तिनं ते त्यांच्या खिशात कोंबले.

औदुंबरचा घाट नावेतून उतरून चढायचा, तेव्हाच त्याची खरी उंची कळते. झाडाखाली विमल पादुका, भोवती दगडी फरसबंदी, आणि सावली अशी की दुपारच्या बारालाही पायाला गार लागावं. पावसाळ्यात हे सगळं पाण्यात जातं आणि पाणी ओसरलं की गावकरी गाळ उपसून पुन्हा पूजा सुरू करतात. कवी सुधांशू याच गावचे. त्यांच्या पुढाकारानं उभ्या राहिलेल्या सदानंद साहित्य मंडळाचं संमेलन दर संक्रांतीला इथं भरतं. एवढ्याशा गावात, उघड्यावर, नदीच्या साक्षीनं माणसं कविता ऐकायला जमतात, ही मला मंदिराइतकीच पवित्र गोष्ट वाटते. घाटाच्या खालच्या पायऱ्यांवर मात्र प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि निर्माल्य अडकलेलं होतं. ज्या पाण्याचं तीर्थ घ्यायचं त्यातच पिशवीसकट हार टाकायचा, हे मला बघवत नाही. आत्यानं आणि मी हाताला येतील तेवढ्या पिशव्या गोळा करून वर कुंडीत टाकल्या.

अंकलखोपच्या वाटेवर गोड धूर आला आणि पाय आपोआप वळले. गुऱ्हाळ! पूर्वी या भागात वाटेवाटेला गुऱ्हाळघरं होती. आता ऊस कारखान्याला जातो, गुऱ्हाळं थोडीच उरलीत. जे चालू आहे तिथं जाऊन उभं राहावं, कुणी नाही म्हणत नाही.

घाण्यातून रस हौदात आणि हौदातून काहिलीत, म्हणजे मोठ्या पसरट कढईत, येत होता. खाली चुलवाणात वाळलेली चिपाडं सारायचं काम एक पोरगा करत होता. ऊस पिळून उरलेलं चिपाड, त्याच उसाच्या रसाखाली जळण. रस तापला की त्यात ठेचलेल्या भेंडीच्या झाडाचं बुळबुळीत पाणी घालतात, त्याला धरून सगळी मळी वर येते. गूळ करणारा कारागीर, गुळव्या, मोठ्या झाऱ्यानं ती काढत होता. आधी हिरवट काळी, मग तपकिरी, मग नुसता फेस. हळूहळू रसाचा रंग मधाकडे झुकला, बुडबुडे लहानाचे मोठे झाले आणि उकळीचा आवाजच बदलला. आधी पाण्यासारखा खळखळत होता, आता जड, फदफद. गुळव्या बोलायचा थांबला. त्यानं थेंबभर पाक गार पाण्याच्या वाटीत सोडला, बोटांनी गोळी वळली आणि काहिलीच्या काठावर मारली. टण्ण! "आला," एवढं म्हणाला आणि चौघांनी मिळून काहील उतरवून वाफ्यात ओतली. 118 अंशांच्या आसपास पाक या टप्प्याला येतो, असं पुस्तकात असतं. इथं थर्मामीटर नव्हता. त्या गोळीच्या आवाजावर त्या माणसाचा पूर्ण विश्वास होता.

वाफ्यात खोऱ्यानं पाक घोटला की तो डोळ्यांदेखत गुळाचा होतो. बादलीत फडकं घालून ढेपा भरायच्या आधी आम्हाला उसाच्या कांडक्याच्या टोकावर गरम गूळ मिळाला. तो खाताना टाळूला चटका बसतो, ओढला की तार येते, आणि मागून उसाची हिरवी चव राहते. थंड झालेल्या गुळात ती चव नसते. तीन वर्षांपासून साखर बंद केलेल्या आत्यानं तिथं कुणाचं काही ऐकलं नाही.

जेवण अंकलखोपात, एका घरगुती खानावळीत. शाळूची भाकरी, कृष्णाकाठच्या वांग्याची भरली भाजी, दही, खर्डा. हे वांगं शिजलं की लोण्यासारखं होतं आणि त्यात बी लागत नाही. गाळाच्या जमिनीचा गुण, असं वाढणाऱ्या ताई म्हणाल्या.

मग आष्ट्याला गाडी बदलून एस्टीनं सांगलवाडीपर्यंत. तिथं उतरून आयर्विन पूल पायी ओलांडला. 1929 सालचा हा दगडी पूल म्हणजे आमचं पूर मोजायचं माप. 40 फूट इशारा, 45 फूट धोका, हे इथल्या पोरांनाही पाठ असतं. 2019ला पाणी 57 फुटांच्या पुढे गेलं. आता त्याच्या कमानींखालून नदी इतकी खाली होती की आत्यानं दोनदा विचारलं, "खरंच इथपर्यंत आलं होतं?" मी तिला पुलाच्या कठड्याजवळ उभं करून सरकारी घाटावरची कोणकोणती घरं बुडाली होती ते दाखवलं. ती गप्प झाली. मग आम्ही पुलावरच्या माणसाकडून भडंग घेतलं, वर कांदा आणि लिंबू.

हरिपूरला रिक्षानं गेलो. चिंचेच्या सावलीचा तो रस्ता चालायलाच हवा होता, पण आत्याचे पाय दुखत होते. नाटककार गोविंद बल्लाळ देवलांचं हे गाव. आणि हळदीच्या पेवांचं. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेला चंबूसारखा खड्डा. तोंड माणूस उतरेल एवढंच, आत प्रशस्त. इथल्या चिकण मातीत भिंती ढासळत नाहीत आणि ओल शिरत नाही, म्हणून हळद वर्षानुवर्षं टिकायची. पेव उघडलं की लगेच आत उतरत नसत. हवा खेळू द्यायची, मग कंदील सोडून बघायचा. कंदील विझला नाही तरच माणूस खाली. 2005च्या महापुरात बरीच पेवं पाण्यानं भरली आणि व्यापाऱ्यांनी गोदामांचा रस्ता धरला. सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं. ज्या मातीनं ती हळद सांभाळली, त्या हरिपूरच्या पेवांतली निदान थोडी तरी नीट जपून ठेवायला हवीत.

संगमेश्वराच्या मागे घाटावर बसलं की समोर वारणा येऊन कृष्णेला मिळते. चांदोलीकडून आलेलं पाणी आणि महाबळेश्वराहून आलेलं पाणी. पलीकडचा काठ कोल्हापूर जिल्ह्याचा. शाळा सुटलेली पोरं नव्या पुलावर सायकली उभ्या करून पाण्यात खडे टाकत होती, एक आजोबा चपला उशाशी घेऊन पायरीवर झोपले होते, आणि एक बाई घागर घासता घासता पलीकडच्या कुणाशी तरी मोठ्यानं बोलत होती. घरच्या लग्नाचं चाललं होतं. आम्हाला सगळं ऐकू येत होतं, तिलाही त्याचं काही नव्हतं. जावयाचा मान राहिला नाही, हे कळल्यावर आत्यानं मान हलवून तिची बाजू घेतली.

उरलेलं भडंग संपवत आत्या म्हणाली, "ही नदी इथनं पुढं वाडीला जाते ना? पंचगंगा मिळते तिथं?"

"हो, नरसोबाच्या वाडीला."

"उद्या पहिली एस्टी किती वाजता आहे बघ."