लोकेटरने जमिनीखालची केबल शोधताना

खोदाईआधी लोकेटर घेऊन जागा तपासताना मी एक गोष्ट कायम लक्षात ठेवतो. लोकेटरचा हातात धरायचा भाग म्हणजे रिसीव्हर. त्याला ना केबल दिसत, ना पाइप. त्याला कळतं ते फक्त धातूतून वाहणाऱ्या प्रवाहाभोवतीचं चुंबकीय क्षेत्र. त्यामुळे स्क्रीनवर आकडा चढला की पहिला प्रश्न हाच, की हा प्रवाह नेमका कुणाचा?

हाती असतील ते नकाशे पाहून, झाकणं, व्हॉल्व्ह, खांब, फीडर पिलर (रस्त्याकडेच्या विजेच्या पेट्या) नजरेत घालून मग पॉवर मोड लावतो. त्यात रिसीव्हर 50 किंवा 60 हर्ट्झचं विजेचं क्षेत्र टिपतो. जागा आधी उभी, मग आडवी चालून काढायची. या मोडमध्ये शांतता असली म्हणजे जमीन मोकळी, असं धरणं फार धोक्याचं आहे. केबलवर लोड नसेल तर प्रवाहच नाही. तीन फेज समतोल असतील तर त्यांची क्षेत्रं एकमेकांना जवळपास मारून टाकतात. रस्त्यावरच्या दिव्यांची केबल तर दिवसा बंदच असते. रेडिओ मोडमध्ये आणखी काही लाइन सापडतात, कारण लांबलचक धातू दूरच्या रेडिओ केंद्रांचे सिग्नल पकडून पुन्हा सोडतो. पण या दोन्ही मोडमधून इथे काहीतरी आहे एवढंच कळतं. ते काय आहे, हे कळत नाही.

ओळख पटवायची तर ट्रान्समीटर लावून लाइनवर आपला सिग्नल चढवावा लागतो. सगळ्यात भरवशाची थेट जोडणी. लाल क्लिप पाइपला, काळी अर्थिंगच्या सळईला. ही सळई लाइनच्या काटकोनात, वायर पुरेल तितक्या अंतरावर ठोकायची. तारेच्या कुंपणाला किंवा शेजारच्या पाण्याच्या पाइपला काळी क्लिप लावली, की सिग्नल त्या वाटेने परततो आणि नको ती लाइन ठणठणीत वाजते. व्हॉल्व्हवर रंग किंवा गंज असेल तर कानशीने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासतो. क्लिप नीट बसली, की ट्रान्समीटरवरचा मिलिअँपिअरचा आकडा लगेच वर जातो. जमीन कोरडी असेल तर सळईभोवती पाणी ओततो, त्यानेही फरक पडतो.

चालू वीजकेबलला थेट जोडणी करायची नाही, कधीच. तिथे क्लॅम्प, म्हणजे केबलभोवती मिटून तिच्यावर ट्रान्समीटरचा सिग्नल चढवणारा चिमटा. त्याचे जबडे पूर्ण मिटले पाहिजेत, मध्ये मातीचा एक खडा अडकला तरी सिग्नल पडतो. शिवाय केबलची दोन्ही टोकं अर्थ झालेली असावी लागतात, नाहीतर प्रवाहाला फेरा पूर्ण करता येत नाही. दोन्ही जमत नसेल तर इंडक्शन, म्हणजे ट्रान्समीटर लाइनच्या डोक्यावर, लाइनच्या दिशेत ठेवायचा. मग रिसीव्हर किमान 10 मीटर लांब न्यावा. त्याहून जवळ तो जमिनीतली लाइन सोडून हवेतून थेट ट्रान्समीटरच ऐकतो. आजूबाजूच्या लाइनवरही सिग्नल चढत असल्याने इंडक्शन मी शेवटचा पर्याय मानतो.

फ्रिक्वेन्सी चालेल तितकी कमी. 8 किलोहर्ट्झपासून सुरुवात करतो. 33 किंवा 65 वर बारीक टेलिफोन केबल किंवा रबरी सांध्यांचा पाइप चांगला वाजतो, पण सिग्नल शेजारच्या लाइनवर उडी मारतो आणि लांब जाण्याआधीच विरतो.

नेमकी जागा काढताना रिसीव्हर उभा, जमिनीलगत धरायचा. मनगटातून झुलवायचा नाही, रिसीव्हरचं पातं तिरकं झालं की पीक, म्हणजे सर्वाधिक आकड्याची जागा, सरकतं. पीक मोडमध्ये जिथे आकडा सर्वाधिक, तिथेच रिसीव्हर स्वतःभोवती फिरवून दिशा पक्की करतो. मग नल मोड लावून सर्वात कमी आकड्याची जागा पाहतो. दोन्ही खुणा एकावर एक आल्या तर ठीक. 15 सेंटिमीटरहून जास्त अंतर पडलं तर क्षेत्र वाकडं आहे, शेजारी दुसरी लाइन सिग्नल ओढते आहे. अशा वेळी लाइन पीकच्या पलीकडे, नलच्या उलट बाजूला, त्या अंतराच्या साधारण निम्म्यावर असते. सिग्नल मोठा म्हणजे आपलीच लाइन, असंही नाही. शेजारची लाइन उथळ असेल तर ती जास्त ओरडते. रिसीव्हर प्रवाह दाखवत असेल तर तो आकडा पाहावा. तो सहसा आपल्या लाइनवर सर्वात जास्त असतो.

खोली घेताना मी वळण, फाटा आणि ट्रान्समीटर यांच्यापासून लांब जातो. मग रिसीव्हर जमिनीपासून अर्धा मीटर उचलून पुन्हा वाचतो. खोलीही अर्ध्या मीटरने वाढली पाहिजे. ती वाढली नाही तर तो आकडा वहीत लिहीत नाही. आणि ही खोली लाइनच्या मध्यापर्यंतची असते. 300 मिलिमीटरचा पाइप असेल तर त्याची पाठ 15 सेंटिमीटर आधीच लागते.

प्लास्टिकच्या पाइपवर यातलं काही चालत नाही. सोबत ट्रेसर वायर (पाइप शोधता यावा म्हणून टाकलेली धातूची तार) असेल तर तिला जोडायचं, नाहीतर पाइपच्या आतून सोंड (sonde, सिग्नल सोडणारा छोटा ट्रान्समीटर) सरकवून तिचा सिग्नल शोधायचा. तेही जमलं नाही, तर जीपीआर (जमिनीखालचं पाहणारं रडार) मागवेपर्यंत ती जागा मी अनोळखीच धरतो.

रंगाची खूण पडली, की यंत्राआधी हाताने चाचणी खड्डा. तो खुणेच्या शेजारून घेऊन आडवं सरकत लाइनपर्यंत जायचं, खुणेवर सरळ पहार मारायची नाही. लाइन उघडी पडल्यावर पट्टी लावून खरी खोली मोजतो आणि रिसीव्हरच्या आकड्याशेजारी लिहितो. दोन्हींत मोठा फरक निघाला, तर त्या लाइनवरच्या बाकीच्या खुणा पुन्हा तपासल्याशिवाय पुढची खोदाई सुरू होत नाही.